‘शतरंज के खिलाडी’: शेवट का बदलला?

‘शतरंज के खिलाडी’चा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. प्रेमचंदांच्या कथेत लखनौचे दोन बुद्धिबळवेडे जहागीरदार, मीर आणि मिर्झा, शेवटी एकमेकांच्या तलवारीने मरतात. सत्यजित राय यांनी त्या कथेवरच्या चित्रपटात त्यांना जिवंत ठेवलं आणि कथेची धारच बोथट केली, असं म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. शेवट बदलला कारण माणसं बदलली, आणि ती कुठे बदलली हे कथेतल्या एका वाक्यावर बोट ठेवून दाखवता येतं.

कथा १९२४ची. तलवारी उपसल्या जातात तिथे प्रेमचंद लिहितात, ‘दोनों विलासी थे, पर कायर न थे.’ राज्यासाठी मरावं ही भावना त्यांच्यातून गेलेली आहे, अंगातलं शौर्य मात्र शाबूत आहे. म्हणून तर बादशहासाठी ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, ते पटावरच्या वजिरासाठी जीव देतात. हे वाक्य खोडलं की कथेचा शेवट कोसळतो.

राय यांनी १९७७च्या चित्रपटात नेमकं हेच वाक्य खोडलं. मीरच्या बेगमेचं प्रकरण घ्या. नवरा घराबाहेर असलेलाच बरा असं तिला ‘अज्ञात कारणाने’ वाटतं, एवढंच कथेत आहे. मग एक बनावट शाही स्वार दारात येतो, मीर घाबरून घर सोडतो आणि स्वार बेगमेपाशी फुशारकी मारतो. सगळं जेमतेम काही ओळींत. चित्रपटात मात्र मीर (सईद जाफरी) स्वतः खोलीत शिरतो, बेगमेसोबत तिचा प्रियकर अकील याला पाहतो आणि तो लष्करभरतीच्या भीतीने लपलाय ही थाप खरी मानतो. मिर्झा (संजीव कुमार) आपली बायको खुर्शीद हिच्याकडे जातो तो तिथेही काही न जमता परततो. अशा दोघांच्या हातात शेवटी तलवार दिली असती तर ती खोटी वाटली असती. म्हणून तिथे मीरचं पिस्तूल आहे, आणि सुटलेली गोळी मिर्झाला जेमतेम चाटून जाते. आपल्या बायकांना तोंड देता आलं नाही तिथे कंपनीच्या फौजेला काय देणार, असं म्हणून दोघे पुन्हा पटावर बसतात. या वेळी इंग्रजी पद्धतीने. ते नियम मुन्शी नंदलालने आधीच सांगून ठेवलेत: वजिराची राणी होते, प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जातं, डाव लवकर संपतो. वजिराला बाजूला सारून मलिका व्हिक्टोरिया येते ती या तयारीवर.

दुसरं कारण राजवाड्यात आहे. कथेत अवधचा नवाब वाजिद अली शाह जवळजवळ नुसता नावापुरता. राय यांनी त्याला (अमजद खान) आणि कंपनीचा लखनौमधला रेसिडेंट जनरल औट्रम याला अर्धा चित्रपट दिला. गव्हर्नर जनरल डलहौसीने १८४८ला सातारा आणि १८५४ला नागपूर खालसा केलं, त्याच मालिकेत फेब्रुवारी १८५६ला अवध गेलं, तेही रक्त न सांडता. वाजिद अली राज्य सोपवण्याच्या तहावर सही करत नाही, पण लढतही नाही. मुकुट उतरवून पुढे करतो. राजा असा वागल्यावर दोन जहागीरदार लढून मेले असते, तर ते राजापेक्षा शूर ठरले असते. चित्रपटाला ते चाललं नसतं.

तुलना करायची असेल तर आधी कथा वाचा, अर्ध्या तासाचं काम आहे. कॅमेऱ्याला टिपता येणार नाहीत अशा वाक्यांखाली रेघ मारा आणि मग प्रत्येक वाक्याचं पडद्यावर काय झालं ते बघा. प्रेमचंदांच्याच कथेवरच्या राय यांच्या ‘सद्गती’त (१९८१, ओम पुरी, स्मिता पाटील आणि आपले मोहन आगाशे) अशा रेघा फार थोड्या पडतात. ती कथा जवळजवळ सगळी कृतीचीच आहे: लाकडाचा ओंडका, कुऱ्हाड, प्रेत, दोरीचा फास. म्हणून ती तशीच्या तशी पडद्यावर येऊ शकली.

‘शतरंज’मध्ये मात्र एक गोष्ट गेली, तिची मला मनापासून हळहळ वाटते. कथेत गोऱ्यांची फौज दिसते तेव्हा मीरचा डाव कमजोर आहे, म्हणून काळजी मीरला वाटते. मिर्झा त्याला शह वाचवायला सांगतो. पुढे कैद झालेला नवाब समोरून नेला जातो तेव्हा हळहळतो मिर्झा, आणि मीर म्हणतो, असेल, हा घ्या शह. ज्याचा डाव जातोय त्यालाच राज्य आठवतं! अख्ख्या कथेत यापेक्षा जहरी जागा नाही.

ही जागा राय यांना तशीच ठेवता येत नव्हती, हेही खरं. वाजिद अलीला फौजेने असं धरून नेलंच नव्हतं. राज्य गेल्यावर मार्चमध्ये तो कलकत्त्याकडे निघाला. प्रेमचंदांना तारखांशी देणंघेणं नव्हतं. राय यांनी राजवाडा आणि रेसिडेन्सी इतकी कसून उभी केल्यावर नवाबाला कैदी म्हणून नदीकाठाने नेणं शक्यच नव्हतं. पण त्यामुळे चित्रपटात राजा आणि खेळाडू एकदाही समोरासमोर येत नाहीत. दोन्ही धागे शेवटपर्यंत शेजारीशेजारी राहतात, आणि माझ्या मते चित्रपट कथेपेक्षा उणा पडतो तो इथे.