यमक जुळलं म्हणजे कविता झाली? थांबा जरा

"कविता शिका पाच मिनिटांत" नावाचा एक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय, आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी टाकला आणि खाली सतरा अंगठे. मामांबद्दल आदर आहेच, पण त्यातल्या पाच पॉइंटपैकी एकही धड नाहीये, म्हणून हे लिहितोय.

पहिला पॉइंट: "यमक जुळलं की कविता, नाही जुळलं की मुक्तछंद." अहो घाटात पाटी असते ना, "नियम पाळा, अपघात टाळा", यमक एकदम झकास आहे, मग ती कविता का? आणि उलटं बघा, कालिदासाचं मेघदूत, अख्खं मंदाक्रांता वृत्तात, दर ओळीत १७ अक्षरं, लघु-गुरूची (म्हणजे आखूड-लांब उच्चाराच्या अक्षरांची) जागा ठरलेली, आणि ओळींच्या शेवटी यमक जुळवायची काही भानगडच नाही. या मेसेजच्या हिशोबाने मेघदूत मुक्तछंद झालं की! मराठीत मुक्तछंद रुजवला तो कवी अनिलांनी, त्यात ओळ लांब-आखूड होते पण लय सुटत नाही. याच अनिलांनी पुढे दशपदी आणली, म्हणजे मोजून दहा ओळींची कविता. ज्याला मोकळं सोडणं जमतं त्याला मोजणंही जमत होतं एवढंच म्हणायचंय.

दुसरा: "ओवी आणि अभंग एकच, ज्ञानेश्वरांची ती ओवी, तुकारामांचा तो अभंग." याने मात्र डोकं फिरलं. बोटावर मोजा की राव. "सुंदर ते ध्यान" सहा अक्षरं, "उभे विटेवरी" सहा, "कर कटावरी" सहा, "ठेवोनिया" चार. ६-६-६-४, आणि यमक कुठे, तर दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यात, विटेवरी-कटावरी. हा मोठा अभंग. छोटा अभंग आठ-आठचा असतो, "जे का रंजले गांजले, त्यासि म्हणे जो आपुले", मोजा, बरोबर आठ-आठ. आता पसायदान घ्या. "आतां विश्वात्मकें देवें" आठ, "येणें वाग्यज्ञें तोषावें" आठ, "तोषोनि मज द्यावें" सात, "पसायदान हें" सहा. म्हणजे ओवीत अक्षरं थोडी इकडेतिकडे चालतात, पहिल्या तीन तुकड्यांना यमक आणि चौथा तुकडा आखूड, बिनयमकाचा. म्हणून तर साडेतीन चरणांची ओवी म्हणतात. तो चौथा तुकडा कसा पायरी उतरल्यासारखा खाली येतो ते मोठ्याने म्हटल्याशिवाय कळत नाही. (जात्यावरची ओवी अजून वेगळी, ती गाणाऱ्या बाईच्या गळ्याप्रमाणे लांबते.) आणि माणसांची वाटणी तर साफच चुकीची, कारण हरिपाठ ज्ञानेश्वरांचाच ना, "देवाचिये द्वारी उभा क्षणभरी, तेणे मुक्ती चारी साधियेल्या", घ्या मोजून, ६-६-६-४. अभंगच आहे तो.

तिसरा: "जणू, जसा, सारखं दिसलं की उपमा." याचं उत्तर आमच्या स्वयंपाकघरात रोज मिळतं. पोळी वातड झाली की "चामड्यासारखी झालीय" म्हटलं तर उपमा. "जणू चामडंच" म्हटलं की उत्प्रेक्षा, कारण आता नुसतं साम्य नाही, तेच आहे की काय अशी शंका आली. "ही पोळी नाहीच, चामडं आहे" हे अपन्हुती. आणि "या पोळीसारखी हीच पोळी" म्हणालात तर अनन्वय, आणि बहुतेक जेवणही बंद. पोळी तीच, पण बोलणारा किती चिडलाय ते अलंकारावरून कळतं, शब्द बघून नाव चिकटवलं की हा फरकच हातातून जातो.

पाचवा आधी घेतो, चौथा शेवटी, कारण चौथ्यावर जास्त बोलायचंय. "वृत्त, गण वगैरे मार्कांसाठी, खऱ्या कवीला लागत नाही." बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. "अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर", आठ आणि आठ. यमाताराजभानसलगा, म्हणजे गण (तीन-तीन अक्षरांचे लघु-गुरू गट) लक्षात ठेवायचं सूत्र, कोणी शिकवलं होतं त्यांना? कान होता. नियम आधी कानात असतो, पुस्तकात नंतर येतो. "मना सज्जना भक्तिपंथेचि जावे" म्हणून बघा आणि मग त्याच चालीत "मना सज्जना भक्तीच्या वाटेने जावे" म्हणा, अर्थ तोच राहिला पण जीभ अडखळली की नाही? ते अडखळणं म्हणजेच भुजंगप्रयात हे वृत्त मोडलं, लघु-गुरू-गुरू चार वेळा यायला हवं होतं ते आलं नाही.

आता चौथा: "दुःखी शेर म्हणजे गझल." दुःखाचा काय संबंध, गझल हा आकृतिबंध आहे. हे घ्या, आत्ताच बसून रचलंय, हसू नका:

पावसाने वाट माझी अडवली होती
मीच छत्री काल गावी हरवली होती

हा मतला, म्हणजे पहिला शेर (शेर म्हणजे दोन ओळींची जोडी). दोन्ही ओळींच्या शेवटी जसंच्या तसं येतं ते "होती", तो रदीफ. त्याच्या आधीचे अडवली-हरवली हे काफिये, म्हणजे यमकाचे शब्द. पुढच्या प्रत्येक शेरात पहिली ओळ मोकळी, दुसरीत काफिया आणि रदीफ आलाच पाहिजे, आणि सगळ्या ओळी एकाच वृत्तात. रदीफ नसलेली गझलही असते, काफिया मात्र सुटत नाही. शिवाय प्रत्येक शेर स्वतंत्र कविता, त्यामुळे पुढच्या शेरात छत्रीचाच विषय हवा असं काही नाही, घरभाडं घ्या, मामा घ्या, काहीही घ्या. ग्रुपवर कोणाला पुढचा शेर जोडायचा असेल तर "पळवली" चालेल, "कळवली" चालेल. "भिजली" चालणार नाही, त्यात "वली" नाही.