लिओ, स्कॉट आणि ‘कंटाळवाणा’ हा शब्द : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

माझ्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. अमेरिकेतील किशोर-युवा वाचकांसाठीच्या कथांमध्ये लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची, पात्रे ठरावीक साच्यांतून काढली जातात आणि चाहतेही त्यांच्याशी दुजाभाव करतात, असे मी लिहिले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. लिओ वाल्देझ या कादंबरीतल्या पात्राला मी उगाचच विदूषकांच्या रांगेत बसवले; टोळ्या वास्तवात आहेत, तर लेखकाने त्या का दाखवू नयेत; आणि चाहत्यांना एखादे पात्र भावत नसेल तर ते पात्र कंटाळवाणे असते म्हणून, त्याचा संबंध वंशाशी जोडणे अन्यायाचे आहे. पहिला आक्षेप मला मान्य आहे, दुसरा अर्धा मान्य आहे आणि तिसरा मुळीच मान्य नाही.

लिओबाबत चूक माझी आहे. रिक रायर्डन यांच्या ‘द लॉस्ट हीरो’ (२०१०) या कादंबरीत तो प्रथम दिसतो तेव्हा त्याची तुलना सांताक्लॉजच्या लॅटिनो मदतनिसाशी केली आहे. मी तेवढेच धरून बसलो. पण याच मुलाची बोटे अस्वस्थपणे टकटक करीत असतात, आणि ती टकटक म्हणजे मोर्स लिपीतला ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हा निरोप असतो, जो तो आणि त्याची आई एकमेकांना देत असत. आई ह्यूस्टनमध्ये यंत्रांची कार्यशाळा चालवणारी, आणि ती त्याच कार्यशाळेच्या आगीत गेलेली. लिओचे विनोद कोठून येतात हे लेखकाने इतके स्पष्ट दाखवले असताना मी त्याला विदूषक म्हणणे हे घाईचे वाचन होते. चित्रपट-अभ्यासक चार्ल्स रामिरेझ बर्ग यांनी हॉलिवूडमधील लॅटिनो पात्रांचे सहा साचे सांगितले आहेत : डाकू, वारांगना, विदूषक पुरुष, विदूषक स्त्री, लॅटिन प्रियकर आणि गूढ स्त्री. लिओ त्यांतल्या एका साच्याच्या दारात उभा आहे खरा, पण आत अडकलेला नाही, हे मी ओळखायला हवे होते.

आता टोळ्यांविषयी. सिमोन एल्केलेस यांच्या ‘परफेक्ट केमिस्ट्री’ (२००८) मधला अ‍ॅलेक्स फ्वेन्टेस हा शिकागोजवळच्या उपनगरातला मेक्सिकन-अमेरिकन मुलगा टोळीत आहे, आणि तो घरच्यांच्या रक्षणासाठी टोळीत शिरलेला आहे, हे आपण लिहिले ते बरोबरच आहे. तो निर्जीव ठोकळा नाही. माझी तक्रार वेगळी आहे. २०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सहा कोटींहून अधिक लॅटिनो लोक राहतात आणि अठरा वर्षांखालील मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा त्यांचा आहे. त्यांत १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक असलेले, त्यामुळे कोणतीही सीमा चोरून ओलांडण्याचा प्रश्नच नसलेले पोर्तोरिकन आहेत. न्यूयॉर्कमध्ये वाढलेली डॉमिनिकन मुले आहेत. आणि न्यू मेक्सिकोतली अशीही घराणी आहेत, ज्यांनी सीमा कधी ओलांडलीच नाही, तर मेक्सिको आणि अमेरिका यांच्यातल्या १८४८ च्या तहाने सीमाच त्यांच्या अंगणातून पलीकडे सरकली. एवढ्या माणसांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा टोळी, सीमा आणि तापट स्वभाव हेच येत असेल, तर एकेक पुस्तक स्वतंत्रपणे निर्दोष असूनही सगळ्यांची मिळून एक खोटी समजूत तयार होते.

आणि गुन्हा दाखवायचाच असेल, तर तो कसा दाखवता येतो याचे उदाहरण माझ्या मनातून जात नाही. बेंजामिन अलिरे साएन्झ यांची अ‍ॅरिस्टॉटल आणि दान्ते या दोन मुलांची २०१२ मधली कादंबरी १९८७ च्या उन्हाळ्यात, टेक्सासमधल्या एल पासो शहरात सुरू होते. अ‍ॅरिस्टॉटलला पोहता येत नाही, म्हणून तलावावर भेटलेला दान्ते त्याला शिकवतो. दोघांची मैत्री तिथून वाढते. अ‍ॅरिस्टॉटलचा थोरला भाऊ तुरुंगात आहे. पण वाचकाला तो गुन्हा घडताना दिसत नाही. दिसते ते एवढेच, की घरात त्या भावाचा एकही फोटो नाही, त्याचे नाव कोणी काढत नाही, आणि व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले वडीलही मूक आहेत. धाकट्या मुलाला त्या शांततेशीच झगडावे लागते. तुरुंग तिथे आहे, मेक्सिकन-अमेरिकन कुटुंब आहे, पण साचा नाही, कारण लेखकाला गुन्ह्याच्या थरारापेक्षा त्या घराविषयी अधिक जिव्हाळा आहे. दान्तेचे वडील इंग्रजीचे प्राध्यापक आहेत, हेही कोणाला अचंबा वाटावा अशा रीतीने सांगितलेले नाही.

तिसरा मुद्दा. ‘टीन वुल्फ’ ही लांडगा-माणूस बनणाऱ्या किशोरांची अमेरिकन मालिका २०११ ते २०१७ या काळात चालली. तिचा नायक स्कॉट मॅकॉल, आणि ती भूमिका करणारा टायलर पोसी आईकडून मेक्सिकन वंशाचा. दम्याने त्रस्त, परिचारिका असलेल्या आईने एकटीने वाढवलेला हा मुलगा मालिकेचा केंद्रबिंदू आहे. तरीही ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’वर चाहत्यांनी लिहिलेल्या कथा पाहिल्या, तर स्टाइल्स हा त्याचा गोरा मित्र आणि डेरेक हा गोरा लांडगा-माणूस यांची प्रेमजोडी त्या संपूर्ण संकेतस्थळावरच्या सर्वाधिक लिहिल्या गेलेल्या जोड्यांपैकी एक आहे. नायक मात्र अशा कित्येक कथांत बावळट किंवा कृतघ्न मित्र म्हणून उरतो.

आपण म्हणता, स्कॉट कंटाळवाणा आहे. मी हा शब्द तपासून पाहिला. दुसऱ्या पर्वात डेरेक एकाकी किशोरांना चावून लांडगे बनवतो, आणि चाहते त्याच्या जळून गेलेल्या कुटुंबाची आठवण ठेवून ते समजून घेतात. समजून घ्यावे, मलाही त्याचे दुःख खरे वाटते. त्याच पर्वाच्या अखेरीस स्कॉट डेरेकला न सांगता एक डाव रचतो आणि लांडगा-माणसांची शिकार करणाऱ्या जेरार्डला चावायला त्याला भाग पाडतो. हा एक प्रसंग स्कॉटच्या नावावर विश्वासघात म्हणून कायमचा चिकटवला गेला. एकाच्या चुकीमागे जखम शोधली जाते, तर दुसऱ्याच्या चुकीवरून त्याचा स्वभाव ठरवला जातो. ‘कंटाळवाणा’ म्हणताना हा फरक आपोआप झाकला जातो, म्हणून मला तो शब्द पुरेसा वाटत नाही. कोणा एका चाहत्यावर मी ठपका ठेवत नाही. आवडीनिवडी प्रत्येकाच्या स्वतःच्या असतात. पण हजारो लोकांच्या आवडी एकाच दिशेला झुकतात, तेव्हा त्या झुकण्याचे कारण विचारावे लागते. भारतीय अभ्यासक रुक्मिणी पांडे यांनी फॅन्डम (चाहत्यांचे विश्व) आणि वंश या विषयावरील आपल्या २०१८ च्या पुस्तकात हाच प्रश्न नेटाने लावून धरला आहे, आणि माझा विचार त्यांच्या ऋणात आहे.

पुण्यात बसून या वादात पडण्याचे कारण काय, असेही आपण शेवटी विचारले आहे. हिंदी चित्रपटात नऊवारीतली कामवाली बाई आणि तंबाखू चोळणारा हवालदार मराठीच का, हा प्रश्न आपल्या घरांत वर्षानुवर्षे विचारला गेला आहे. प्रत्येक वेळी उत्तर मिळाले की मुंबईत अशी माणसे असतातच. असतात, आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण तेवढीच असतात असे पडद्यावरून वर्षानुवर्षे सांगितले गेले की काय होते, हे मला ह्यूस्टनच्या किंवा एल पासोच्या मुलाने समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

लिओविषयीचे ते वाक्य मी आज मूळ लेखात दुरुस्त केले असून, दुरुस्ती आपल्या सूचनेवरून केल्याची नोंदही तिथेच केली आहे. स्कॉटविषयीचा परिच्छेद आहे तसाच ठेवला आहे. दुसरे पर्व आपण पुन्हा पाहिलेत, तर त्या शेवटच्या भागाविषयी आपले मत मला अवश्य कळवा.