‘खरी स्की युरोपचीच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या डेन्व्हरकडच्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर हिवाळ्याच्या तोंडावर एक मेसेज फिरतो. यंदा तो तिघांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: स्की घ्यायची तर ऑस्ट्रियाची किंवा फ्रान्सची, अमेरिकेला स्की बनवायची परंपराच नाही, इथले छोटे कारखाने हाताने चिकटवतात, त्यामुळे जोडीतल्या दोन स्की सारख्या नसतात, वर्ल्ड कपला त्या कुणी वापरत नाही, आणि वर किंमत जास्त. हे वाचून माझी एक मैत्रीण नुकतीच घेतलेली अमेरिकन जोडी परत करायला निघाली आहे. ती जोडी तिने दोन हिवाळे पैसे साठवून घेतली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

परंपरेपासून सुरुवात करू, कारण तिथे मेसेज सपशेल चुकला आहे. हॉवर्ड हेड हा बाल्टिमोरच्या विमान कारखान्यातला अभियंता. त्या काळच्या लाकडी स्की त्याला जड आणि बोजड वाटल्या. विमानासाठी पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये हलका गाभा दाबून बसवतात, तशीच स्की त्याने बनवायला घेतली. सुरुवातीच्या जोड्या डोंगरावर मोडल्या. तो पुन्हा पुन्हा बनवत राहिला आणि 1950 पर्यंत त्याची धातूची स्की बाजारात उभी राहिली. आज दुकानात ‘टिटॅनल’चा (ॲल्युमिनियमच्या एका मिश्रधातूचा) थर असलेली महागडी युरोपियन स्की दाखवतात, ती याच कल्पनेची नात आहे. पुढे 1962 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या व्हॅशॉन बेटावर के-टू ही स्की कंपनी सुरू झाली आणि फायबरग्लासची स्की घेऊन थेट युरोपच्या मैदानात उतरली. अमेरिकन स्कीपटू फिल मार 1981, 82 आणि 83 असा सलग तीनदा वर्ल्ड कपचा सर्वंकष विजेता ठरला आणि 1984 ला सारायेव्होच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लॅलमचं (खांबांमधून वळत उतरायच्या शर्यतीचं) सुवर्ण जिंकला, तो के-टूवरच. खोल बर्फावर तरंगणारी, दोन्ही टोकं वर वळलेली ‘स्पॅट्युला’ नावाची स्की 2002 मध्ये आली, ती शेन मॅककॉन्की या स्कीपटूच्या डोक्यातून. कमरेत बारीक, टोकांना रुंद असा आजचा आकार रुळवण्यात मात्र स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीचा वाटा मोठा आहे, तो नाकारायचं कारण नाही.

‘ऑस्ट्रियाची’ म्हणजे नेमकं काय, हेही तपासावं. ब्रँडचं गाव आणि कारखान्याचं गाव एकच असेल असं नाही. फिशर ऑस्ट्रियाची, पण तिचा मोठा कारखाना युक्रेनमधल्या मुकाचेव्होला आहे. हॉवर्ड हेडची ‘हेड’ कंपनी बाल्टिमोरला जन्मली आणि आज ऑस्ट्रियन म्हणून विकली जाते. उलट के-टूचं नाव अमेरिकन, पण स्की बनतात चीनमध्ये. यातली कुठलीच गोष्ट वाईट नाही. पण देशाच्या नावावर पैसे मोजणार असाल तर स्कीवरची बारीक अक्षरं वाचा. इथेच बनलेली हवी असेल तर रेनोची मोमेंट, पोर्टलंडची ऑन-थ्री-पी, सॉल्ट लेक सिटीची डीपीएस, आपल्या कोलोरॅडोतल्या टेल्युराइडची वॅगनर, अशी नावं आहेत. ऑन-थ्री-पीच्या स्कीचा गाभा बांबूचा असतो. वेळूची काठी किती लवते आणि कशी परत येते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आता ‘दोन स्की सारख्या नसतात’ हा मुद्दा. यात तथ्य असू शकतं, म्हणूनच तो कारखान्याच्या आकारावर सोडू नये, स्वतः पाहावं. मला हा धडा एका नामांकित युरोपियन जोडीनेच दिला. कोरी करकरीत जोडी, पण पहिल्याच दिवशी डावी स्की वळणातून सुटेना, कड बर्फात अडकून राहायची. मला वाटलं माझंच तंत्र बिघडलं. घरी येऊन स्की उलटी ठेवली, तळावर आडवी पोलादी पट्टी धरली आणि मागून टॉर्च मारला. पट्टीच्या मधोमध उजेडाची रेघ! म्हणजे तळ मध्ये खोलगट आणि दोन्ही कडा उंच. उजवी स्की सपाट होती. दुकानाने मशीनवर तळ घासून दिला आणि तीच स्की लोण्यासारखी वळायला लागली.

तेव्हापासून जोडी कुठलीही असो, दुकानातच दोन्ही स्की तळाला तळ लावून धरते. मध्ये कमानीची फट राहते. ती हाताने दाबत न्यायची. दोन्ही बाजूंनी सारखी मिटली पाहिजे. एका बाजूने उजेड राहिला तर स्कीला पीळ आहे. मग टोक धरून लववून पाहायचं, दोन्हींची ताकद सारखी लागते का. शेवटी कडेवरून आणि साइडवॉलच्या (स्कीच्या बाजूच्या पट्टीच्या) सांध्यावरून नख फिरवायचं, कुठे फट लागते का. पाच मिनिटांचं काम आहे. विचारण्यासारखा एकच प्रश्न: तळ सिंटर्ड (प्लास्टिकची भुकटी दाबून केलेला) आहे की एक्स्ट्रुडेड (वितळवून काढलेला)? सिंटर्ड तळ वॅक्स जास्त पितो आणि जोरात घसरतो, पण वॅक्स नियमित करावं लागतं. छोट्या कारखान्याला हे विचारा, बहुतेक वेळा बनवणाराच उत्तर देतो.

वर्ल्ड कपचं म्हणाल तर ते खरं आहे, तिथे आज युरोपचाच दबदबा आहे. पण पुरुषांच्या जायंट स्लॅलमच्या स्कीची वळण-त्रिज्या किमान 30 मीटर असावी लागते. आपण रविवारी लव्हलँडच्या स्की रिसॉर्टला ज्या घेऊन जातो त्यांची साधारण 15 ते 20. पाणी मारून काचेसारख्या केलेल्या उतारावरची ती स्की मऊ बर्फात आपल्या कामाची नाही.

आणि कुणी उलट टोकाला जाऊन ‘आपला बर्फ वेगळा, म्हणून आपलीच स्की’ म्हणू नये. 1980 च्या दशकात जपानने असाच युक्तिवाद करून युरोपियन स्कींना अडवायचा प्रयत्न केला आणि जगभर त्याची चर्चा झाली. शिवाय अमेरिकन स्कीवरही बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा भाग) बहुधा मार्कर, लूक किंवा टिरोलियाचंच बसतं, आणि पाय वाचवायचं काम तेच करतं. ते जाणकाराकडूनच लावून घ्या.

किंमतीवर मी मेसेजशी सहमत आहे. मोठ्या कंपन्यांचं जुनं मॉडेल वसंतात बरंच स्वस्त मिळतं, छोटे कारखाने तेवढी सूट देऊ शकत नाहीत. वाढत्या मुलांना तर विकत घेऊच नका, सीझनभर भाड्याने घ्या. पण पाय वाढायचे थांबलेत, वर्षाला पंधरा-वीस दिवस डोंगरावर जाता, आणि कड उखडली तर बनवणाऱ्याला फोन करून दुरुस्त करून घ्यायची आहे, तर ते जास्तीचे पैसे वाया जात नाहीत.

मैत्रिणीला मी थांबवलं आहे. शनिवारी ती जोडी घेऊन आमच्या गॅरेजमध्ये येते आहे. पट्टी आणि टॉर्च मी बाकावर काढून ठेवलेत. फट वाकडी निघाली तर परत करायला मीच तिच्यासोबत जाईन.