अकरा महिन्यांचा करार नक्की कोणाच्या सोयीसाठी?

महाराष्ट्रात घर भाड्याने देताना करार अकराच महिन्यांचा का करायचा, याचे पटण्याजोगे उत्तर मला आजवर एकाही एजंटाने दिलेले नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने ती टाळण्यासाठी ही पळवाट देशभर रूढ झाली, हे समजू शकते. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार कितीही मुदतीचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. त्याची जबाबदारी घरमालकावर आहे आणि कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे जी नोंदणी चुकवायची म्हणून ही मुदत शोधली गेली, ती आपल्याकडे चुकतच नाही! मुद्रांक शुल्काचीही सबब चालत नाही, कारण साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी नुसते वापरायला देणाऱ्या कराराला, पाव टक्क्याचाच दर आहे.

मग उरते ती दलाली. मुदत संपत आली की एजंटाचा मेसेज ठरलेला असतो: ‘सर, रिन्यूअलचं काय करायचं? मालक दहा टक्के वाढवा म्हणतायत.’ घर तेच, मालक तोच, भाडेकरूही तोच. तरीही जो नवे घर दाखवण्यासाठी जिनासुद्धा चढलेला नाही, त्याला पुन्हा ब्रोकरेज मोजायचे, शिवाय एक हजार रुपये नोंदणी शुल्क, घरी येऊन अंगठा घेणाऱ्याचे वेगळे पैसे आणि आपण गुन्हेगार नाही हे पोलीस व्हेरिफिकेशनमधून नव्याने सिद्ध करणे, हे सारे आलेच.

डिपॉझिटची तर वेगळीच कथा. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा आहे. मात्र तो नुसता नमुना आहे; राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही आणि महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र ‘आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट बेकायदा’ असे निरोप सर्रास फिरतात आणि ते दाखवून मालकाशी वाद घालणाऱ्या भाडेकरूचे हसे होते. घर सोडताना कॅलेंडरच्या एका खिळ्यासाठी अख्ख्या खोलीच्या रंगाचे पैसे कापले जातात, तेव्हा या नमुन्याचा काय उपयोग?

भाडेकरू घर बळकावेल, ही मालकांची भीती जुन्या पागडीच्या (एकरकमी पैसे घेऊन नाममात्र भाड्यावर कायमचे घर देण्याच्या) काळात खरी होती, हे मी मान्य करतो. पण आजच्या, म्हणजे १९९९ च्याच भाडे नियंत्रण कायद्याचे कलम २४ मुदत संपल्यावर घर सोडण्यास नकार देणाऱ्याकडून दुप्पट शुल्क वसूल करण्याची आणि त्याला बाहेर काढण्याची सोय मालकाला देते, आणि ही सोय तीन वर्षांच्या करारालाही तितकीच लागू आहे. ते त्यांना कोणी सांगत का नाही?

यंदा मी तीन वर्षांच्या कराराची मागणी केली. ‘तसा फॉरमॅटच नसतो, सर,’ असे एजंटाने शांतपणे सांगितले. दिवसभर असे करार भरणाऱ्या माणसाला मुदतीच्या रकान्यात ३६ हा आकडाही टाकता येतो हे ठाऊक नसेल, यावर माझा काडीचाही विश्वास नाही.