‘संशयी माणसाला पुरावे दाखवू नका’ म्हणे!

हवामान बदलावर बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला फार फिरतोय. ज्याला हा बदल पटत नाही त्याला पुरावे देऊ नका, तो उलट हट्टाला पेटतो. विज्ञान समजावूनही उपयोग नाही, शिकलेलेच जास्त भांडतात. बाकीच्यांना तर काही पडलेलीच नाही. तेव्हा एक तर घाबरवा, नाहीतर गप्प बसा. असं सांगणारे बहुतेक आपल्याच बाजूचे असतात, म्हणून सल्ला तपासायचे कष्ट कुणी घेत नाही.

‘पुराव्याने माणूस हट्टाला पेटतो.’

हा समज पसरला तो मुख्यतः २०१० च्या एका शोधनिबंधामुळे. ब्रेंडन नायहान आणि जेसन रायफ्लर या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांना असं आढळलं, की इराककडे महासंहारक शस्त्रं नव्हती ही दुरुस्ती वाचल्यावर काही पुराणमतवादी वाचकांचा ‘होतीच’ हा समज आणखी घट्ट झाला. निष्कर्ष चटकदार होता, त्यामुळे पसरला. पुढे थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून जास्त लोकांना घेऊन ५२ मुद्द्यांवर हाच उलटा परिणाम शोधला. तो सापडला नाही. खुद्द नायहान यांनीही २०२१ मध्ये लिहिलं, की चुकीचे समज टिकून राहतात ते या परिणामामुळे नव्हे. दुरुस्तीचा असर होतो, पण ओसरतो, आणि तोवर जुनंच पुन्हा कानावर पडलेलं असतं. आपण मात्र एकदा सांगून थकतो आणि ‘ऐकतच नाहीत’ म्हणून मोकळे होतो.

‘शिकलेलेच जास्त भांडतात.’

यात तथ्य आहे. डॅन कहान आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अमेरिकी पाहणीत ज्यांचं विज्ञान-गणित पक्कं, त्यांच्यातच हवामान बदलाबद्दलच्या मतांची दरी जास्त रुंद दिसली. पण तिथे कुणाला काही समजावलेलं नव्हतं. विज्ञानाचे सर्वसाधारण प्रश्न सोडवता येणं वेगळं आणि पृथ्वी नेमकी का तापते हे ठाऊक असणं वेगळं. मायकल रॅनी आणि डॅव्ह क्लार्क यांनी २७० अमेरिकनांना हे विचारलं, तेव्हा पूर्ण आणि बरोबर उत्तर एकालाही देता आलं नाही. हवामान बदल मनापासून मानणारेही त्यातच आले! दुसऱ्या प्रयोगांत जेमतेम चारशे शब्दांचं स्पष्टीकरण वाचायला दिलं, तर लोकांची समजही वाढली आणि स्वीकारही.

ते स्पष्टीकरण काही अवघड नाही. सूर्याचा उजेड हवेतून बराचसा आरपार येतो. जमीन तो शोषून तापते आणि ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने वर सोडते. कार्बन डायऑक्साइडमधून उजेड जातो, पण यातले काही किरण तो अडवतो आणि त्यातली थोडी उष्णता खाली परत येते. वायू वाढला की बाहेर पडणारी उष्णता कमी होते आणि पृथ्वी तापते. यावर ‘हे सूर्यामुळेच कशावरून नाही?’ असं कुणी विचारलं तर वैतागू नका, प्रश्न रास्त आहे. सूर्य जास्त तापवत असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात खालची हवा तापतेय आणि वरचा स्थितांबर थंड होतोय. कार्बन डायऑक्साइड वाढला तर असंच होईल, हे स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ मध्येच गणिताने मांडलं होतं. ‘हवामान बदल माणसामुळे होतोय, असं ९७ टक्के शास्त्रज्ञ म्हणतात’ या वाक्यावर बोलणं संपतं. कारण समजावलं की ते सुरू होतं.

‘बाकीच्यांना पडलेलीच नाही.’

१२५ देशांतल्या सुमारे १,३०,००० लोकांची पाहणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. हवामान बदल रोखण्यासाठी दरमहा उत्पन्नाचा एक टक्का द्यायला ६९ टक्के लोक तयार होते. इतर कितीजण तयार असतील, असं विचारल्यावर अंदाज आला ४३ टक्क्यांचा. म्हणजे पडलेली बहुतेकांना आहे, फक्त इतरांना नाही असं वाटतं.

‘मग घाबरवा.’

त्याच वर्षी लोकांना हवामान बदलाबाबत पटवण्याच्या ११ वेगवेगळ्या उपायांची ६३ देशांत चाचणी झाली. भीतीदायक मजकूर वाचून माहिती पुढे पाठवण्याचं प्रमाण सर्वांत जास्त वाढलं. पडद्यावरचं एक कंटाळवाणं काम करून खरीखुरी झाडं लावून घ्यायचीही सोय होती. तिथे ११ पैकी एकही उपाय कामी आला नाही, काहींनी तर उत्साह कमीच केला. फॉरवर्ड करायला अंगठा पुरतो.

‘नाहीतर गप्प बसा.’

लसीकरणाबाबत फिलिप श्मिड आणि कॉर्नेलिया बेट्श यांनी २०१९ मध्ये दाखवलं, की जाहीर चर्चेत विज्ञान नाकारणाऱ्याला उत्तरच न देणं सर्वांत महागात पडतं. वाद घालणारा बदलेल न बदलेल, ऐकणारे इतर असतात. त्यांना विधानाइतकीच त्यामागची क्लृप्ती दाखवावी. ‘३१,००० शास्त्रज्ञांनी हवामान बदल नाकारला’ ही ओरेगॉन याचिका अजूनही फिरते. तिच्यावर सही करायला विज्ञानाची साधी पदवी पुरत होती, आणि सह्यांमध्ये चार्ल्स डार्विन यांचंही नाव निघालं होतं. सँडर व्हॅन डर लिंडेन यांच्या २०१७ च्या प्रयोगात हे आधीच सांगून ठेवलं, तेव्हा याचिकेचा प्रभाव बराच कमी झाला. पुढे १२ देशांतल्या प्रयोगात अशा पूर्वसूचनांचा असर फारच तोकडा निघाला, तेव्हा हाही रामबाण नव्हे. पण गप्प बसण्याच्या बाजूने एवढाही पुरावा कुणी दिलेला नाही.