पॅरिसचं मिलान केलं की झाली का मालिका?

डोकं फिरलंय. कोर्टनी कॉक्सची 'डर्ट' ही अमेरिकन मालिका शोधून शोधून पाहायला घेतली, पहिला सीझन संपवून रात्री एक वाजता ताईला फोन केला, "तूही बघच." आणि दुसऱ्या सीझनने माझं तोंड पाडलं.

पहिला सीझन २००७ चा, तेरा भागांचा. कोर्टनी झालीय लूसी स्पिलर, गॉसिप मासिकाची संपादक. होल्ट मॅकलॅरन हा पडेल नट स्वतःची वाहवा छापून यावी म्हणून तिला खबर विकतो: कायरा क्ले ही नटी गरोदर आहे. बातमी छापली जाते आणि कायरा जिवानिशी जाते. तिथे संपत नाही ते! लूसीचा फोटोग्राफर डॉन कॉन्की, त्याला स्किझोफ्रेनिया. ही मेलेली पोरगी त्याला दिसते, बोलते, पाठ सोडत नाही. बाकी सगळे पुढच्या अंकाच्या मागे, आणि तिचं ओझं वाहतोय कोण, तर ज्याच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही असा एकटा माणूस. डॉनचं काम इयन हार्टने काय केलंय! पोटात कालवायचं बघताना.

आणि मार्च २००८ मध्ये आलेल्या दुसऱ्या सीझनमध्ये? डॉनला गोळ्या लागू पडल्या. बरा झाला म्हणे! अरे, आजारातून माणूस सावरतो कसा, ते तरी दाखवा. तेही नाही. सरळ त्याच्यातला जीवच काढून घेतला. तिसऱ्या भागाला ताईचा फोन, "अगं, ती कायरा आता येतच नाही का?" काय सांगू तिला?

त्या जागी काय भरलंय, तर मिलान कार्लटन नावाची तुरुंगातून सुटणारी श्रीमंत पोरगी. म्हणजे हॉटेलवाल्या हिल्टन घराण्यातली पॅरिस हिल्टनच! पॅरिसचं मिलान, हिल्टनचं कार्लटन! एक शहर बदललं, एक हॉटेल बदललं, झालं लेखन! मग शार्ली केट्स ही पॉपगायिका, म्हणजे उघड उघड ब्रिटनी स्पिअर्स. तेव्हा ती खरी बाई खरोखर कोलमडत होती, फोटोवाले तिच्या गाडीमागे धावत होते, आणि ज्या मालिकेने कायराच्या मरणाचा जाब विचारला तीच आता कॅमेरा घेऊन त्याच घोळक्यात उभी! याचाच मला संताप येतो.

हॉलिवूडच्या लेखकांच्या संपामुळे तेराचे सात भाग झाले, हे मला सांगू नका. भाग कमी झाले, मान्य. संपाने कुणाला उसनी माणसं आणायला सांगितलं नव्हतं. सात भागांत डॉनचं किती काही दाखवता आलं असतं! पुढे वाहिनीने मालिका बंदच केली, डॉनचं राहिलं ते राहिलंच.

ताईने पाचव्या भागाला सोडून दिलं. मी मात्र सातही पाहिले, दर भागाला वाटायचं, आता तरी कायरा येईल.