रिपोर्टचा शेवट पाठ केलेल्या वाक्यांवर भागत नाही

उन्हाळी ट्रेनिंग संपून रिपोर्ट जमा करायचे दिवस आले, की इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. रामबागेतून लोकमान्य नगरात जातो आणि तिथून कुणाच्या तरी भाचीमार्फत माझ्या फोनवर येतो. इंग्रजी रिपोर्टमधलं 'कन्क्लूजन' आणि 'रेकमेंडेशन्स' कसं लिहावं, याचे नियम त्यात दिलेले असतात. ते थोडक्यात असे: कन्क्लूजन म्हणजे आधीच्या प्रकरणांचा सारांश. त्यात आकडे नकोत. भाषा भारदस्त आणि पॅसिव्ह हवी, 'आय' आणि 'वी' चालत नाही. शिफारशी जितक्या जास्त तितकी मेहनत दिसते. कोणावर बोट ठेवू नये, सौम्य लिहावं. आणि शेवटी तयार वाक्यांची यादी देऊन म्हटलेलं असतं की एवढी पाठ करा, शेवटची पानं तशीही कोणी वाचत नाही.

मी इंदूरजवळच्या पीथमपूर आणि देवासच्या कारखान्यांमध्ये एनर्जी ऑडिटचं, म्हणजे ऊर्जा कुठे किती खर्च होते आणि कुठे वाचवता येईल हे तपासण्याचं काम करते. माझे रिपोर्ट इंग्रजीतच जातात आणि ट्रेनिंगला येणाऱ्या मुलामुलींचे रिपोर्टही मी वाचते. घरी मराठी, बाहेर हिंदी आणि कागदावर इंग्रजी अशी कसरत करणारी ही मुलं हुशार आहेत. चार आठवडे शॉप फ्लोअरवर घाम गाळून जे शोधलं, ते शेवटच्या दोन पानांत या मेसेजच्या नादाने वाया घालवतात. म्हणून हे उत्तर.

'शेवटची पानं कोणी वाचत नाही.'

याच समजुतीवर बाकीचे नियम उभे आहेत, म्हणून आधी हीच घेते. प्लांट हेडच्या टेबलावर ऐंशी पानांचा रिपोर्ट आला, की तो आधी मागची पानं उघडतो. सापडलं काय, करायचं काय, खर्च किती आणि तो वसूल कधी होणार, एवढं बघतो. मधली पानं मेंटेनन्सच्या माणसाकडे जातात, तीही मागच्या पानांत काही दम असेल तर.

आमच्या क्षेत्रात तर हे कायद्यातच आहे. ऊर्जा संवर्धन कायदा, 2001 मध्ये एनर्जी ऑडिटची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात नुसती मोजणी नाही. शिफारशी, त्यांचा खर्च आणि फायदा यांचं विश्लेषण आणि ऊर्जावापर कमी करण्याचा कृती आराखडा असलेला तांत्रिक अहवाल सादर करणं, हे त्या व्याख्येतच बसवलेलं आहे. म्हणजे शेवटची पानं नसतील, तर कायद्याच्या लेखी ऑडिट पुरं झालेलंच नाही.

'कन्क्लूजन म्हणजे सारांश, त्यात नवीन काही नको.'

यातलं अर्धं खरं आहे. नवी मोजमापं, नवे फोटो, आधी कुठेही न आलेला आकडा शेवटच्या पानावर काढू नये, कारण वाचणाऱ्याला तो तपासता येत नाही. पण नवं मत तर तिथेच यायला हवं. रिपोर्ट ज्या प्रश्नासाठी मागवला होता, त्याचं उत्तर निष्कर्षात नसेल तर ते द्यायचं कुठे?

एक उदाहरण घेऊ, आकडे समजायला सोपे असे धरले आहेत. एका कारखान्यात हवेचं प्रेशर कमी पडतंय आणि दुसरा कॉम्प्रेसर घ्यायचा विचार चालू आहे. ट्रेनीला सांगितलं, गळती मोज. वीकली ऑफच्या दिवशी सगळी मशीन बंद, कॉम्प्रेसर मात्र चालू. हवा कोणी वापरत नाही, तरी लाइनमधलं प्रेशर उतरतं आणि कॉम्प्रेसर पुन्हा लोड घेतो, म्हणजे हवा भरायला लागतो; प्रेशर पुरं झालं की तो अनलोडवर जातो, म्हणजे हवा न भरता नुसता फिरत राहतो. तो लोडवर किती वेळ राहिला आणि अनलोडवर किती वेळ, हे घड्याळ लावून बऱ्याच फेऱ्या मोजायचं आणि सरासरी काढायची. समजा, लोडवर 2 मिनिटं, अनलोडवर 6. एकूण 8 पैकी 2 मिनिटं फक्त गळती भरून काढण्यात गेली. कॉम्प्रेसरची क्षमता मिनिटाला 10 घनमीटर असेल, तर 2.5 घनमीटर हवा सांध्यांमधून, फाटक्या पीयू ट्यूबमधून, सैल क्विक कपलरमधून आणि उघड्या राहिलेल्या ड्रेन व्हॉल्व्हमधून जातेय.

मेसेजवाला सारांश लिहिला, तर त्यात गळतीची चाचणी केली आणि गळती आढळली एवढंच येईल. हे निरीक्षण झालं. निष्कर्ष असा असतो: हवा कमी पडण्याचं मोठं कारण गळती आहे, आणि ती दुरुस्त करून पुन्हा मोजणी झाल्याशिवाय दुसरा कॉम्प्रेसर घेण्याला आधार नाही. हे वाक्य आधीच्या कुठल्याच प्रकरणात नव्हतं. ते लिहायला मुलीला विचार करावा लागला, आणि कंपनीला तिच्याकडून तेच हवं होतं.

'आकडे नकोत, ते टेबलात असतात.'

टेबलात असतातच. पण निर्णय ज्या आकड्यांवर होणार, ते दोन-तीन आकडे निष्कर्षात हवेत. वरच्याच उदाहरणात, मिनिटाला 1 घनमीटर हवा बनवायला साधारण 6 किलोवॅट धरले, तर गळतीचे 15 किलोवॅट होतात. वर्षाला 6,000 तास आणि युनिटला 8 रुपये धरून 90,000 युनिट, म्हणजे 7 लाख 20 हजार रुपये. गळती पार शून्य कधीच होत नाही. ती 25 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणली, तर 54,000 युनिट, म्हणजे 4 लाख 32 हजार रुपये वाचतात.

इथे चांगली मुलगी आणखी एक वाक्य घालते: अनलोडवरही कॉम्प्रेसर वीज खातोच, म्हणून ही वरची मर्यादा आहे, प्रत्यक्ष बचत यापेक्षा कमी असेल. मुलांना वाटतं अशा वाक्याने रिपोर्ट लंगडा पडतो. माझा अनुभव नेमका उलटा आहे. आपल्या आकड्याची हद्द सांगणाऱ्या माणसाचा बाकीचा रिपोर्टही प्लांट हेड विश्वासाने वाचतो. 'सिग्निफिकंट लीकेज' वाचून मात्र त्याला काहीच कळत नाही, कारण सिग्निफिकंट म्हणजे पाच हजारही असू शकतात आणि पाच लाखही.

'भारदस्त लिहा, पॅसिव्ह लिहा, आय-वी टाळा.'

मोजणी कोणी केली याला महत्त्व नसतं, तिथे पॅसिव्ह बरोबरच आहे. 'प्रेशर वॉज मेजर्ड अॅट द रिसीव्हर' यात काही वावगं नाही. मत देताना मात्र ते कोणाचं हे कळायला हवं. 'इट इज फेल्ट दॅट' वाचणारा विचारणारच, कोणाला वाटतं? संशोधनलेखनात ज्यांची पद्धत जगभर पाळतात, त्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनपुस्तिकेच्या 2019 च्या सातव्या आवृत्तीतही आपण केलेल्या कामाबद्दल आय किंवा वी लिहावं, असंच सांगितलं आहे. एखाद्या कॉलेजच्या नियमात ते चालत नसेल, तर 'धिस ऑडिट कन्क्लूड्स' म्हणावं. कर्ता तरी राहतो.

आणि भारदस्तपणाचंच म्हणाल, तर चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या अपघातानंतर नेमलेल्या रॉजर्स आयोगाच्या 1986 च्या अहवालाइतका औपचारिक कागद दुसरा क्वचितच सापडेल. त्यातला मुख्य निष्कर्ष असा आहे: अपघाताचं कारण उजव्या सॉलिड रॉकेट मोटरच्या मागच्या सांध्यातलं प्रेशर सील निकामी होणं हे होतं, असा निष्कर्ष आयोगाने काढला. मूळ इंग्रजी वाक्यही इतकंच सरळ आहे. कर्ता आयोग, क्रियापद 'कन्क्लूडेड', आणि दोष नेमका कुठल्या भागात तेही त्याच वाक्यात.

'सौम्य लिहा, कोणावर बोट ठेवू नका.'

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण चॅलेंजरच्या उड्डाणाच्या आदल्या रात्रीची गोष्ट हीच आहे. 27 जानेवारी 1986. फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार होती. रॉकेटची मोटर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या इंजिनिअरांना काळजी होती की थंडीत सांध्यातल्या रबरी ओ-रिंगा कडक होतील आणि वेळेत जागा धरणार नाहीत. त्यांनी नासाला फॅक्सने तक्ते पाठवले. शिफारशींच्या तक्त्यावर पहिलीच ओळ होती: उड्डाणाच्या वेळी ओ-रिंगचं तापमान निदान 53 अंश फॅरनहाइट हवं. म्हणजे साधारण 12 सेल्सिअस. शिफारस अशीच असावी. कशाचं, किती आणि कधी, हे एका ओळीत होतं.

नासाकडून दबाव आला, कंपनीच्या मॅनेजरांनी आपसात बोलायला वेळ मागून घेतला आणि नंतर दुसरा कागद गेला. त्यात लिहिलं होतं की या खेपेच्या ओ-रिंगा आधीच्या सर्वांत थंड उड्डाणापेक्षा 20 अंशांनी थंड असतील. पुढे म्हटलं होतं की तापमानाच्या आकडेवारीतून ठाम काही निघत नाही. थंड ओ-रिंगा जास्त कडक असतील, हेही कबूल केलं होतं. आणि या सगळ्यानंतर शेवटची ओळ: 28 जानेवारीला उड्डाण करावं अशी कंपनीची शिफारस आहे. सकाळी यान उडालं आणि 73 सेकंदांत त्याचे तुकडे झाले. सात माणसं गेली.

तो दुसरा कागद मी ट्रेनिंगला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. व्याकरण ठीक आहे, भाषा औपचारिक आहे. वरच्या ओळी धोका सांगतात आणि खालची शिफारस उलट्या दिशेला जाते. शिफारस निष्कर्षातून निघालेली नाही, हे कोणीही फक्त तो कागद वाचून सांगू शकलं असतं. आपल्या रिपोर्टांत जीव जाण्याची वेळ येत नाही, पण चूक हीच असते. निष्कर्षात गळती, आणि शिफारशीत 'कर्मचाऱ्यांमध्ये जागरूकता वाढवावी'.

बोट ठेवणं म्हणजे कोणाला दोष देणं नव्हे. 'प्रॉपर मेंटेनन्स शुड बी डन' यात काम कोणाचं ते नाही, म्हणून ते कोणीच करत नाही. त्याऐवजी लिहा: 'द मेंटेनन्स टीम शुड टॅग अँड रिपेअर ऑल लीक्स ऑन लाइन 2 बिफोर द नेक्स्ट शटडाउन, अँड देन रिपीट द लीकेज टेस्ट.' यात कोणाचा अपमान नाही. कोणी, काय, कुठे, कधी आणि झालं हे कळणार कसं, एवढं सगळं त्यात आहे. विभागाचं किंवा पदाचं नाव घ्यावं, व्यक्तीचं नको, एवढं पथ्य पाळलं की पुरे.

सौम्यपणाला जागा आहे, पण ती वेगळी आहे. कॅगच्या अहवालांत 'द गव्हर्नमेंट मे' अशी सुरुवात दिसते, ती लेखापरीक्षक सरकारला हुकूम देऊ शकत नाही म्हणून. ट्रेनीनेही कंपनीला 'शॉल' म्हणू नये. मेसेजमध्ये शॉलने वजन येतं असं लिहिलंय, पण मानकांच्या भाषेत शॉल म्हणजे सक्ती, शुड म्हणजे शिफारस आणि मे म्हणजे मुभा. आयएसओच्या मानकांमध्ये हा फरक काटेकोर पाळला जातो. शिफारशीला शुड पुरतं.

'शिफारशी जितक्या जास्त तितक्या चांगल्या.'

2003 मध्ये कोलंबिया यान कोसळल्यावर चौकशी मंडळाने जो अहवाल दिला, त्यात 29 शिफारशी होत्या. इतक्या मोठ्या दुर्घटनेनंतर, इतक्या मोठ्या संस्थेसाठी 29. आणि त्यातही 15 वर खूण केली होती की पुढचं उड्डाण होण्याआधी या पुऱ्या व्हायलाच हव्यात. निष्कर्ष वेगळे, शिफारशी वेगळ्या, प्रत्येकीला क्रमांक. चार आठवड्यांच्या ट्रेनिंगमधून 22 शिफारशी निघत असतील, तर त्यातल्या बहुतेक इंटरनेटवरून उचललेल्या असतात, हे परीक्षकाला पहिल्या मिनिटाला कळतं. एलईडी दिवे लावा, सौर पॅनेल बसवा, झाडं लावा. हे मोजलं होतं का? नाही, मग ते या रिपोर्टचं नाही. चार लिहा, पण बिनखर्चाची आधी, मोठ्या खर्चाची शेवटी, आणि प्रत्येकीसमोर तिचा आधार असलेल्या तक्त्याचा क्रमांक.

'ही वाक्यं पाठ करा.'

यादीतलं बहुतेक इंग्रजी चुकीचं नाही. 'बेस्ड ऑन द फाइंडिंग्ज' किंवा 'द रिझल्ट्स इंडिकेट' वापरायला हरकत नाही. पण त्यांच्या पुढे काय लिहायचं हे यादी सांगत नाही, आणि मुलांची अडचण तिथेच असते. ज्यांना इंग्रजीची भीती वाटते त्यांना मी लिहायच्या आधी तोंडी सांगायला लावते. मराठीत सांग, हिंदीत सांग: 'तू तिथे महिनाभर होतास, मग काय दिसलं? त्याचा अर्थ काय? आता त्यांनी काय करायचं?' गळतीवाली मुलगी लगेच म्हणते, 'ताई, त्यांना नवीन कॉम्प्रेसर लागतच नाही, आधी पाइप नीट करायला हवेत.' मग मी म्हणते, हेच इंग्रजीत लिही, छोट्या वाक्यांत. ती लिहिते: 'द प्लांट डझ नॉट नीड अ सेकंड कॉम्प्रेसर अॅट प्रेझेंट. इट शुड फर्स्ट रिपेअर द लीक्स.' यात पाठ केलेला एकही तुकडा नाही. 'अॅट प्रेझेंट' तिने स्वतःहून घातलं, कारण पुढच्या वर्षी नवी लाइन आली तर हवेची गरज वाढेल, हे तिला शॉप फ्लोअरवर कळलं होतं.